दारापासून दारापर्यंत : प्रस्तावना

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या इमारतीतल्या एक बाई पहिल्यांदाच मुलीकडे सॅन होजेला निघाल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही, आणि सोबत कुणी नाही. आदल्या संध्याकाळी औषधांचा डबा घेऊन त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "कॅप्टन, थेट विमान आहे, सोळा तास लागतात असं मुलगी म्हणते. हातातल्या पिशवीत सोळा तासांपुरत्या गोळ्या ठेवते, बाकीच्या मोठ्या बॅगेत टाकते. चालेल ना?"

मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोर हिशेब मांडला. नवी मुंबईतल्या सीवूड्सहून सहारच्या विमानतळावर पोचायला दीड तास. विमान सुटण्याआधी तीन तास. हवेत सोळा. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग आणि सामानाचा पट्टा मिळून दोन तास. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरून सॅन होजेच्या घरापर्यंत एक तास. बेरीज साडेतेवीस तास, आणि यात विमानाला उशीर नाही, रस्त्यात पाणी तुंबलेलं नाही, बॅग हरवलेली नाही. बाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत भरल्या आणि विचारलं, "मग ती सोळा का म्हणाली?"

मुलगी खोटं बोलली नव्हती. तिकिटावर छापलेलंच तिने सांगितलं होतं. पण बाईंना वेळ हवा होता तो एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचा, आणि तो कुठेच छापलेला नसतो. अनेक जणांनी मिळून लिहिलेलं हे पुस्तक त्या कागदातून निघालं.

सीवूड्समध्ये हा प्रश्न रोजचा आहे. इथलं एनआरआय कॉम्प्लेक्स तर सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी म्हणूनच उभारलं. दूर राहणाऱ्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती, आणि आज तिच्यात आणि आसपासच्या इमारतींत कितीतरी घरांमध्ये फक्त आईवडील राहतात. संध्याकाळी बाकावर नवीन कुणी आलं की नाव-गाव झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मुलं कुठे. आणि त्यानंतर, किती तास लागतात. आयुष्यभर मी जहाजांची वाट आखण्याचं काम केलं. मुंबई बंदरात उभ्या असलेल्या 'राजेंद्र' या प्रशिक्षण जहाजावर शिकलो. पुढे १९९३ मध्ये तिची जागा घेणारी 'चाणक्य' ही संस्था करावे गावाजवळ आली, म्हणजे माझ्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. पहिली काही वर्षं मी किलोमीटर सांगत असे. लोक मान डोलावून निघून जात. त्यांच्या हाती काही लागत नाही, हे कळायला मला वेळ लागला.

तरी सुरुवात किलोमीटरनेच करायला हवी, कारण बाकीचे सगळे आकडे त्याच्या खांद्यावर उभे आहेत. घरात नातवंडांसाठी आणलेला पृथ्वीगोल असेल तर काढा. शिवणकामाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर धरा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डावीकडे असते, म्हणून आपण धरून चालतो की वाट अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक अशीच असणार. दोरा तसं काहीच करत नाही. तो सरळ वर चढतो. मी गणित करून पाहिलं आहे: मुंबईतून निघताना ही रेषा उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम चौदा अंश कललेली असते. राजस्थान, काराकोरम, सायबेरिया असं करत ती ७६ अक्षांशाच्याही वर आर्क्टिक महासागरात पोचते, आणि मग अलास्का व कॅनडावरून उतरत कॅलिफोर्नियाला येते. लांबी सुमारे १३,५०० किलोमीटर. तीच दोन शहरं सपाट नकाशावर पट्टीने जोडली आणि त्या वाटेने पॅसिफिकवरून खरोखर गेलं, तर १६,००० किलोमीटरच्या वर भरतात.

गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. आम्हा दर्यावर्दी लोकांचा मैलही याच वर्तुळातून निघतो. पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या एका अंशाचे साठ भाग करा. त्यातला एक भाग पृष्ठभागावर जेवढी लांबी व्यापतो तो सागरी मैल, १,८५२ मीटर. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात एकशे साडेएकवीस अंशांचा कोन आहे. त्याला साठने गुणलं की ७,२९० सागरी मैल मिळतात. ना पट्टी लागते, ना नकाशा. तरुणपणी हे पहिल्यांदा समजलं तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो. कोन कळला की अंतर कळलं!

हे गणित बाहेरून आलेलं आहे असं वाटणाऱ्यांना मी भास्कराचार्यांकडे पाठवतो. चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वी सपाट का दिसते याचं उत्तर आहे: परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, आणि माणूस त्या अफाट गोळ्यापुढे फार लहान आहे. पृथ्वीच्या पाठच्या बाजूला राहणारी माणसं पडत कशी नाहीत, ही शंकाही त्यांनी घेतली आहे. ती माणसं पाण्याकाठी उभ्या माणसाच्या प्रतिबिंबासारखी खाली डोकं वर पाय अशी असतात, आणि आपण इथे जितके निर्धास्त तितकीच ती तिथे. सॅन होजेला राहणाऱ्या मुलीची आई हे वाचते तेव्हा तिला ते बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजनं दिला. त्या मापाने सीवूड्स ते सॅन होजे हे अंतर पावणेसतराशे योजनं होतं.

आणि आपल्या जुन्या ज्योतिषात 'देशांतर' हा शब्द होताच. आज आपण तो परदेशी जाण्यासाठी वापरतो. ज्योतिषी तो दोन गावांच्या पूर्व-पश्चिम फरकासाठी वापरत, आणि हा फरक ते वेळेत मोजत. एकच चंद्रग्रहण दोन गावांना किती घटकांच्या फरकाने दिसलं, त्यावरून देशांतर काढत. अंतर म्हणजे वेळ, हे त्या शब्दातच आहे.

सॅन फ्रान्सिस्को मुंबईच्या जवळजवळ पाठीमागे असल्यामुळे एक गंमतीची गोष्ट होते. लंडनवरून गेलात तर सुमारे ७,२०० आणि ८,६०० असे मिळून १५,८०० किलोमीटर होतात. उलट्या दिशेला, हाँगकाँगवरून गेलात तर सुमारे ४,३०० आणि ११,१००, म्हणजे १५,४००. पश्चिमेला जा नाही तर पूर्वेला, अंतर जवळपास तेवढंच. माझी धाकटी मुलगी एकदा सॅन फ्रान्सिस्कोहून लंडनमार्गे आली आणि परत जाताना हाँगकाँगवरून गेली. दोन तिकिटांत ती पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा घालून गेली, हे तिला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

मग थेट विमान दोऱ्याच्या वाटेने का जात नाही? पहिली अडचण डोंगरांची. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला लगेच सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण बारा ते वीस मिनिटंच पुरतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या आसपास आहे. तिथे खाली यायला जागा नाही. दुसरी गोष्ट, दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरलेल्या वेळात एखाद्या विमानतळावर पोचता येईल अशीच वाट घ्यावी लागते. ध्रुवाकडे असे विमानतळ विरळ. शिवाय तिथली थंडी: विमानाचं नेहमीचं इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, म्हणून त्या वाटेवर इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं. तरीही हे करता येतं. जानेवारी २०२१ मध्ये झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सगळ्या महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आणलं. तिथून ९ तारखेला निघालेलं ते विमान इथे ११ च्या पहाटे उतरलं. मधली १० तारीख त्या प्रवाशांनी हवेतच घालवली.

आणि वारा. जहाजावर वारा आणि प्रवाह यांचा हिशेब केल्याशिवाय आम्ही पोचण्याची वेळ सांगत नसू, आणि विमानांचंही तेच आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे असतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी कधी ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो. वारा पाठीशी असला की विमान त्याच्यासोबत वाहतं, समोरून असला की झुंजत राहतं. म्हणून न्यूयॉर्कला जाताना सोळा तास आणि येताना चौदा, असा फरक पडतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट अटलांटिकवरून हलवून पॅसिफिकवरून नेली. आधीची वाट सुमारे १३,९०० किलोमीटर, नवी १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त उडून विमान जवळपास दोन तास आधी पोचू लागलं. वाचकांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवलं तरी माझं काम झालं, कारण किलोमीटर आणि तास यांच्यात आपण जी सरळ जोडी लावतो ती इथे तुटते.

आकाशात सीमाही आहेत, हेही आपल्या पिढीला आता नीट कळलं आहे. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. रशियाचं आकाश २०२२ पासून युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद. म्हणजे त्याच दोन शहरांमधलं उड्डाण कंपनीच्या देशावरून लांब किंवा आखूड होतं. मुलगा मागच्या वर्षी अमुक तासांत आला होता, हा आकडा या वर्षी चालेलच असं नाही.

आता जमिनीकडे येतो. इथे माझं मन जास्त गुंततं, कारण हवेतले तास कमी करणं आपल्या हाती नाही. आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडे उलव्याची बाजू दिसते. तिथे डोंगर कापून, नदीचं पात्र वळवून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली, सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी. या भागातल्या प्रकल्पग्रस्तांसाठी लढलेल्या लोकनेते दि. बा. पाटील यांचं नाव त्याला लाभावं, ही इथल्या आगरी-कोळी गावांची मागणी होती. ज्यांच्या जमिनींवर या धावपट्ट्या आहेत त्यांचा उल्लेख विमानप्रवासाच्या पुस्तकात सहसा येत नाही. या पुस्तकात तो यावा असं मला वाटलं. सीवूड्स ते सहार सरळ रेषेत अठराएक किलोमीटर आहे. पण मधे खाडी, खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर. रस्त्याने ते तीसच्या आसपास जातं आणि पावसाळ्यात किती वेळ घेईल हे कुणी सांगू शकत नाही. लांब पल्ल्याची विमानं खाडीपलीकडून सुटू लागतील तेव्हा दारापासून दारापर्यंतच्या हिशेबातला पहिला, सर्वांत बेभरवशाचा तुकडा आमच्यापुरता सुटेल.

त्याच खाडीच्या चिखलात हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत रोहित पक्षी उतरतात. चाणक्यच्या मागचं आणि एनआरआय कॉम्प्लेक्सजवळचं पाणथळ आणि नेरूळचं डीपीएस तळं या त्यांच्या जागा. इथल्या रोहितांचं कच्छच्या रणाशी नातं आहे, आणि ते रण इथून साडेसहाशेएक किलोमीटर. पक्षीही वारा बघून निघतात, बहुतेकदा रात्री. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर दुबईहून येणाऱ्या विमानाला धडकून त्यांच्यातले जवळपास चाळीस मेले. दुसऱ्या दिवशी बाकावर कुणी फारसं बोललं नाही. पाणथळ जागा वाचवण्यासाठी इथले रहिवासी जी धडपड करतात, ती विमानतळाच्या विरोधात आहे असं मला कधी वाटलं नाही. उतरायला जागा नसलेला पक्षी आकाशात भरकटतो आणि विमानाच्या वाटेत येतो, हे कुणाही नाविकाला समजेल.

या सगळ्या आकड्यांच्या मागे एक जुनी गोष्ट आहे आणि ती मराठी घरांनी फार लवकर अनुभवली. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून जहाजात बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. न्यू जर्सीतल्या रोझेल गावात कार्पेंटर बाईंच्या घरी त्या राहिल्या. आज त्या राज्यात मराठी शाळा आहेत, गणपती बसतात. १८८६ च्या मार्चमध्ये डॉक्टर होऊन त्या नोव्हेंबरात मुंबईला परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी पुन्हा तो सगळा समुद्र ओलांडून कार्पेंटर बाईंकडे गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथल्या स्मशानभूमीत त्या आहेत.

त्या काळी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडलेली होती, १८७० पासून. म्हणजे तार एका दिवसात पोचू शकत होती आणि माणसाला महिने लागत होते. बातमी आणि माणूस यांच्या वेगात ही जी फट पडली ती तेव्हापासून बुजलेली नाही. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघालं आणि फट दिवसांवर आली. १४ मे १९६० ला बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाचं मुंबई–न्यूयॉर्क विमान कुठेही न थांबता गेलं आणि ती तासांवर आली. पण बातमीही थांबली नव्हती. आता ती सेकंदात पोचते, चित्रासकट.

१९८७ मध्ये मी योकोहामाहून व्हँकुव्हरला निघालेल्या जहाजावर होतो. ही वाटही बृहद्वृत्ताची. उत्तरेला चढत ॲल्युशियन बेटांजवळून जाते. वाट मीच आखली होती. निघून चौथा दिवस होता. रेडिओ ऑफिसर हातात कागद घेऊन ब्रिजवर आला आणि काही न बोलता कागद माझ्यासमोर ठेवून उभा राहिला. वडील गेले होते. पुढे आठ दिवसांचं पाणी होतं. रोज दुपारी बारा वाजता जहाजाचं स्थान काढायचं आणि उरलेलं अंतर लिहायचं हे माझंच काम. त्या आठही दुपारी मी ते लिहिलं. याहून जवळची वाट पृथ्वीवर नाही हे मला माहीत होतं, कारण सिद्ध करून दाखवता येतं. व्हँकुव्हरला उतरून लंडनमार्गे मुंबईला आलो तो तेराव्याच्या सकाळी. आईने पहिला प्रश्न विचारला, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, "त्याच दिवशी." तिला ते सहन झालं नाही. मला उशिरा कळलं असावं म्हणून मी उशिरा आलो, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आजची मुलं माझ्यापेक्षा दहा पटींनी लवकर येतात. आणि तरी आमच्या आसपासच्या इमारतींत दर वर्षी तोच प्रसंग घडतो. घरातलं माणूस गेलं, मुलगा निघाला आहे, शीतपेटी मागवली आहे, आणि खाली जमलेले लोक एकमेकांना विचारत आहेत, किती वाजता उतरतोय. अशा वेळी कुणीतरी सोळा तास म्हणतं. गुरुजींना तसं सांगितलं जातं, नातेवाईक त्या वेळेला येतात. प्रत्यक्षात मुलाला सुट्टी, तिकीट, विमानतळ, मधला मुक्काम, दुसरं विमान आणि वाशीचा पूल धरून तीस-पस्तीस तास लागतात, आणि तेही त्याच दिवशीचं तिकीट मिळालं तर. तो येऊन पोचतो तेव्हा सगळे थकलेले असतात, आणि आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं असा चेहरा करून तो आत शिरतो. त्याची काही चूक नसते. आकडा चुकीचा सांगितलेला असतो.

म्हणून या पुस्तकातलं एक प्रकरण पूर्णपणे या तासांवर आहे आणि ते मी आग्रहाने लिहायला लावलं. थांबायचं की नाही, हे घरातल्यांनी हातीपायी धड असताना बोलून ठेवावं. माझ्यासाठी थांबू नका असं वडिलांनीच सांगितलेलं असेल तर मुलाच्या मनावरचा भार उतरतो. थांबा असं सांगितलं असेल तर शेजाऱ्यांना खरा आकडा माहीत असतो. दुसरी गोष्ट मी फार कळवळून सांगतो: आजारपण मुलांपासून लपवू नका. "उगाच काळजी नको, बरं वाटलं की सांगू" असं म्हणत तीन दिवस घालवले जातात. मुलाच्या हिशेबात त्या तीन दिवसांची किंमत दोन फेऱ्या एवढी आहे. त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा संपत आला असेल, परत जायला नवा शिक्का लागणार असेल, तर त्याला निर्णय घ्यायलाही वेळ हवा. पहिल्या दिवशी सांगा. त्याला ठरवू द्या.

तारखांचा घोळही या प्रकरणात आला आहे. कॅलिफोर्नियाचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेबारा तास असतं, हिवाळ्यात साडेतेरा. इथे सकाळचे साडेसात म्हणजे तिथे, उन्हाळ्यात, आदल्या संध्याकाळचे सात. इथे मंगळवारी पहाटे आई गेली तर मुलीच्या कॅलेंडरवर सोमवार असतो. मग ती विचारते, श्राद्ध कोणत्या दिवशी? हा प्रश्न मला अनेकींनी फोनवर रडत रडत विचारला आहे. उत्तर आपल्या पंचांगात आहे आणि ते सुंदर आहे. तारीख घड्याळावर चालते. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचे बारा-बारा अंशांचे टप्पे. आई गेली त्या क्षणी तो कोन सीवूड्सवरून जेवढा होता तेवढाच सॅन होजेवरूनही होता. त्या क्षणाची तिथी दोघींना एकच. पुढे दर वर्षी ती तिथी तिथल्या सूर्योदयाप्रमाणे कोणत्या वारी येते ते तिथल्या पंचांगात बघायचं, एवढंच. आमच्याकडे बाकावर बसणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी त्यासाठी सोपी आकृती काढून दिली आहे.

मुंबई शहर स्वतःही अशा दोन वेळांमध्ये राहिलं आहे. १९०६ पासून देशभर प्रमाणवेळ आली तरी शहरात मुंबई टाइम १९५५ पर्यंत टिकून होता, भारतीय वेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. माझ्या आजीला गाडीची वेळ आणि घरची वेळ वेगळी धरायची सवय होती. दोन घड्याळं भिंतीवर शेजारी लावणारी सीवूड्समधली घरं पाहिली की मला तिची आठवण येते.

झोप, पायांची सूज, मधल्या विमानतळावर व्हीलचेअर कशी मागायची, इन्सुलिनच्या वेळा बदलण्याबद्दल डॉक्टरांना आधीच काय विचारायचं, या गोष्टींवर स्वतंत्र पानं आहेत. ती लिहिणाऱ्यांनी स्वतः प्रवास करून लिहिली आहेत, म्हणून मी त्यात हात घातला नाही. एवढंच सांगतो की बारा तासांच्या फरकाशी शरीर जुळवून घेतं ते दिवसाला साधारण एक तास या गतीने. पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात आईला सगळीकडे फिरवण्याचे बेत मुलांनी आखू नयेत.

राहिल्या त्या सॅन होजेला गेलेल्या बाई. चार महिन्यांनी परत आल्या तेव्हा त्यांनी मला एक छोटी वही दाखवली. निघाल्यापासून प्रत्येक गोष्टीपुढे त्यांनी वेळ लिहिली होती. कुलूप लावलं, सकाळी ९.५०. वाशीचा पूल. विमानाचं दार बंद झालं. पहिली गोळी. खिडकीतून बर्फ दिसला. दुसरी गोळी. इमिग्रेशनच्या माणसाने विचारलं किती दिवस राहणार. आणि शेवटी, मुलीच्या घराची बेल वाजवली. त्यांनी पुढे बेरीजही केली होती: चोवीस तास चाळीस मिनिटं. माझा आकडा सत्तर मिनिटांनी चुकला होता. त्यांच्या परवानगीने ती वही जशीच्या तशी छापली आहे, पुस्तक तिथूनच सुरू होतं.